बद्रीनाथचं उत्तर

रामराव : परत एकदा वाचा बरं ताई. हळू वाचा.

उमा : काका, दोनदा वाचलं की आत्ताच.

रामराव : मला कुठं इंग्रजी कळतंय? तुमी मराठीत सांगता तव्हा ध्यानात येतं. वाचा. वाटूरहून उभ्यानं आलोय एस्टीत.

उमा : बरं. "प्रिय बद्री, तुझ्या उत्तराची वाट बघतोय. तुला कधी इतका उशीर होत नाही. तब्येत बरी आहे ना? तुझा, हेन्रिक."

रामराव : तब्येत बरी हाय ना. आसंच इचारलंय?

उमा : असंच.

रामराव : कुठं ते जर्मनी! पोराचं तोंड पाह्यलं न्हाई कधी, आन् तब्येत इचारून राह्यला. आमच्या भावकीतल्या लोकायनी न्हाई इचारली.

उमा : काका, मी निरोप धाडून तुम्हाला बोलावलं ते हे वाचून दाखवायला नाही.

रामराव : मंग?

उमा : या हेन्रिकला उत्तर द्यावं लागेल. सोमवारच्या आत.

रामराव : काहून? सोमवारी काय हाय?

उमा : सोमवारी त्यांच्या नव्या आवृत्तीत काम घेणं बंद होतं. त्याच्या आत जे आलं ते आलं. बद्रीचं काम तिथं अडकून पडलंय, एका उत्तरावाचून.

रामराव : आता मला एकदा नीट सांगा ताई, करत काय व्हता तो हितं? तो व्हता तव्हा मी इचारलंच न्हाई कधी. जालन्याला ताईच्या कॉम्प्युटर क्लासमधी पोरं शिकवतो, एवढंच ठावं. पोरं गेल्यावर काय करायचा?

उमा : हे मागचं जुनं मशीन दिसतं ना, त्याच्यापुढं बसायचा. आता बघा, माणूस प्रोग्राम लिहितो, पण मशीनला तो तसाच्या तसा कळत नाही. मध्ये एक कंपायलर लागतो. तो आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देतो. बद्री ज्याच्यावर काम करायचा तो कंपायलर कुण्या एका कंपनीचा नाही. जगभरची माणसं मिळून लिहितात आणि कुणालाही देतात. कुणी सुधारणा धाडली की तिला पॅच म्हणायचं. मग बाकीच्यांनी तो वाचायचा, आपापल्या मशीनवर चालवून बघायचा, चुका काढायच्या.

रामराव : म्हंजे गावकीचं काम. सगळ्यायनी मिळून विहीर उपसावी तसं.

उमा : तसंच. बद्री चालवून बघणाऱ्यातला. असलं जुनं मशीन तिकडच्या लोकांनी कधीच भंगारात घातलं. पण जगात अजून कुठं कुठं चालतात ही. म्हणून हेन्रिक, जो तिथं पॅच घ्यायचा की नाही ते ठरवतो, तो पॅच आला की बद्रीकडं धाडायचा. बद्री म्हणाला चालतं, की त्याला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज पडत नव्हती.

रामराव : एवढा इस्वास?

उमा : एवढा. एकदा मी म्हटलं, अरे दोनच ओळींचा पॅच आहे, दिसतोय बरोबर, टाक लिहून 'तपासला' म्हणून. तर माझ्यावर असा खेकसला! म्हणाला, मॅडम, चालवून पाह्यलं न्हाई ते पाह्यलं म्हणू न्हाई.

रामराव : घरी बी तसाच. पेरायच्या आधी बियाणं गोणपाटात घालून उगवून बघायचा. दुकानदाराची पिशवी सीलबंद असली तरी. मी म्हणायचो, आरं, येळ चालला. बिलकुल आयकायचा न्हाई.

उमा : इथं त्याचा वेळ खायची लाइट. एक टेस्ट लावली की दिवस-रात्र चालायची. मध्ये लाइट गेली की सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर रागानं कीबोर्ड आपटला पठ्ठ्यानं. मग म्हणाला, आता मीच करतो काहीतरी. आणि पॅच लिहिला. स्वतःचा पहिलाच. टेस्टमधल्या दर छोट्या चाचणीचा निकाल हा पॅच तिथल्या तिथं लिहून ठेवायचा, म्हणजे लाइट आली की जिथं थांबलं तिथून पुढं चालू.

रामराव : ब्येस केलं. मंग आता अडलं कुठं?

उमा : त्यात एक ओळ आहे. मशीन परत चालू झालं की ती शेवटचा निकाल फेकून देते. हेन्रिक विचारतोय, झालेलं काम फुकट का घालवायचं? त्याचं तरी काय चुकलं? त्याच्याकडं लाइट जातच नाही. निकाल लिहिता लिहिताच लाइट गेली तर तो अर्धवट राहतो, आणि मशीन त्याला पुरा समजून बसतं. म्हणून शेवटचा धरायचाच नाही. मी चालू मशीनचा प्लग उपटून उपटून बघितलं. बद्रीचं बरोबर आहे.

रामराव : तुमाला ठावं हाय ना? सांगून टाका की मंग!

उमा : तिथं रीत आहे काका. ज्यानं लिहिलं त्यानंच उत्तर द्यायचं. दुसरं कुणी उत्तर द्यायला लागलं की पहिला प्रश्न येतो, लिहिणारा कुठाय? मग मला सांगावं लागेल.

रामराव : काय सांगावं लागंन?

उमा : काका...

रामराव : न्हाई. ते न्हाई सांगायचं.

उमा : अहो पण...

रामराव : त्याच्या नावानं लिव्हा. त्याचं ते खातं का काय म्हणता ते हाय ना तुमच्यापाशी? मंग लिव्हा, मी बद्रीनाथ, जरा कामात व्हतो, उशीर झाला. कोण बघायला येतंय जर्मनीहून?

उमा : मला नाही जमणार ते.

रामराव : काहून न्हाई? चार ओळी तर हायेत!

उमा : त्यांचा सगळा कारभार एकमेकांच्या शब्दावर चालतो. आणि बद्रीच्याच नावानं खोटं लिहू? ज्यानं मला दोन ओळींवरून झापलं?

रामराव : बरं, मंग तुमचं नाव लावा. मी केलं म्हणा सगळं. माझी बिलकुल तक्रार न्हाई. पण तो गेला आसं लिव्हू नका.

उमा : त्याच्या कामावर माझं नाव? काका, अहो त्याचा बाप म्हणता ना स्वतःला?

रामराव : म्हणून तर म्हणून राह्यलो!

(लाइट जाते. पंखा हळूहळू थांबतो.)

उमा : घ्या. आता तासभर तरी येत नाही. बसा, ते दार उघडते. उजेड येईल.

रामराव : राहू द्या. असंच बरंय.

उमा : पाणी देऊ?

रामराव : न्हाई. ताई, रागावू नका. मी तुमाला सांगतो. वाटूरमधी ज्याला त्याला ठावं हाय. शेतात जावं तर गडी बोलता बोलता गप व्हतो. फाट्यावर जावं तर लोक उठून जागा देत्यात. घरी त्याची माय दुर्गाबाई त्याचं ताट बाजूला ठेवती, रडती, आन् मंग उचलून ठेवती. समद्या दुनियेत ही येकच जागा हाय बघा, जिथं त्याला कुणी वारला म्हणत न्हाई. उशीर झाला म्हणत्यात फकस्त. म्हणून येतो मी दर बाजाराला. तुमाला वाटलं आसंन, म्हाताऱ्याला काय लागलंय याड, तेच ते वाचून घेतो.

उमा : मला तसं कधीच वाटलं नाही.

रामराव : डोळे हळदीवानी पिवळे झाल्ते त्याचे. म्हणलं, चल जालन्याला मोठ्या दवाखान्यात. तर म्हणला, आबा, मी जालन्यालाच चाललो, एवढी टेस्ट पुरी झाली की दाखवतो. आग लागो त्या टेस्टला! ह्याच डब्यापायी गेला माझा पोरगा. आन् ह्याच डब्यात ऱ्हायलाय. मी काय करू सांगा?

उमा : मी हाताला धरून रिक्षात घातलं त्याला. रिक्षातही मला म्हणत होता, मॅडम, मशीन बंद करू नका.

रामराव : आसं म्हणला?

उमा : हो. मी नाही केलं बंद. त्याची ती टेस्ट पूर्ण झाली काका. सगळी पास झाली. त्याला सांगायला दवाखान्यात गेले, तर तो कुणाला ओळखत नव्हता.

रामराव : मला बी न्हाई ओळखलं.

उमा : काका, एक बोलू? तुम्हाला लागेल. पण बोलते.

रामराव : बोला. आता काय लागायचं ऱ्हायलंय?

उमा : तुम्हाला वाटतं, तिकडं तो अजून आहे. तसं नाही हो. तिथं लोक येतात, चार दिवस काम करतात आणि एक दिवस मध्येच सोडून निघून जातात. कळवत नाहीत, काही नाही. असल्यांचं नाव मग कुणी काढत नाही. हेन्रिकनं तीनदा विचारलं. सोमवारनंतर तो विचारायचा थांबेल. चांगला माणूस आहे, वाईट बोलणार नाही. पण मनात म्हणेल, हा पण त्यातलाच निघाला. अर्धं काम टाकून पळाला.

रामराव : कोण पळाला?

उमा : बद्री.

रामराव : माझा बद्री? ओ ताई, भर उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली, तर तीन कोस खांद्यावर वाहून नेली त्यानं अन् सांजच्याला पाणी चालू केलं! दहावीचा पेपर व्हता दुसऱ्या दिशी! तो काम टाकून पळंन?

उमा : मला माहीत आहे. हेन्रिकला कुठं माहीत आहे?

रामराव : आसं समजंन तो? खरंच?

उमा : दुसरं काय समजेल? त्याला कुणी सांगितलंच नाही.

(रामराव उठून जुन्या मशीनपाशी जातो.)

उमा : काका?

रामराव : वारला म्हणलं तर चालंन. पळाला म्हणलेलं न्हाई चालणार.

उमा : मग लिहू?

रामराव : लाइट येऊ द्या.

उमा : येईल.

रामराव : दुर्गाबाईला इचारायला पायजे व्हतं. पण ती बी हेच म्हणली असती. माझ्याआधी म्हणली असती.

उमा : आली बघा लाइट. आज लवकर आली. जरा थांबा, मशीन चालू होऊ द्या, मग फोनवरून इंटरनेट लागेल. हां, लागला. बोला, तुम्ही मराठीत सांगा. मी इंग्रजीत करते.

रामराव : लिव्हा. बद्रीनाथनं काम टाकून दिलेलं न्हाई.

उमा : लिहिलं.

रामराव : त्याला दिवाळीच्या आधी कावीळ झाल्ती. दवाखान्यात... ते तुमीच लिव्हा ताई. माझ्यानं न्हाई व्हत.

उमा : लिहिते. तुम्ही तिकडं बघा हवं तर.

रामराव : न्हाई. बघतो. मला कुठं वाचता येतंय? झालं लिव्हून?

उमा : झालं.

रामराव : आता लिव्हा, हेन्रिकभाऊ, तुमी त्याची तब्येत इचारली, आमाला बरं वाटलं. त्याची माय दुर्गाबाई आन् मी, आमा दोघायकडून नमस्कार. भाऊ म्हणलं तर चालतं ना त्यायच्यात?

उमा : चालतं.

रामराव : आन् ती ओळ जी हाय, ती बराबर समजावून सांगा त्यायला.

उमा : सांगितली. त्याच्याखाली लिहिलंय, पॅच लिहिणारा, बद्रीनाथ रामराव खवणे, वाटूर, जिल्हा जालना. चालवून पाहणारी, उमा.

रामराव : तुमी पाह्यलाय ना पण चालवून?

उमा : पाहिलाय काका.

रामराव : मंग ठीक.

उमा : पाठवू?

रामराव : थांबा जरा.

उमा : थांबते.

रामराव : तिकडं आता काय वाजलं आसंन?

उमा : सकाळ असेल त्यांची.

रामराव : म्हंजे आत्ताच वाचंन तो.

उमा : बहुतेक.

रामराव : पाठवा.

उमा : गेलं.

रामराव : झालं मंग. आता तिकडं बी न्हाई ऱ्हायला तो.