अक्का अधिक खोबरं

हे कुणालाच सांगायचं नव्हतं, काका, शिवकन्याअक्कानं शपथ घातलीय — पण तुमचा जबडा रबरांनी बांधलाय, म्हणजे तुम्ही कुठं बोलणार नाही ना? नाहीच. ही गळ्यातली पाटी तर पाणी मागायला दिलीय. मान नका हलवू, दुखेल. तशी मी बोलतच नाही फारशी, वर्गात हजेरीलासुद्धा आवाज निघत नाही. पण उद्या सकाळी अक्काचं ऑपरेशन आणि मला कालपासून घास उतरेना.

ती बघा, आत खिडकीजवळच्या खाटेवर. हनुवटी डावीकडे वळलीय ना — लहानपणापासून. फोटोत नेहमी कडेला उभी राहते, गालावर हात ठेवून. आता डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर तिचा जबडा सरळ करून दाखवला आणि त्याच मापाच्या टायटॅनियमच्या पट्ट्या खास तिच्यासाठी बनवून घेतल्या. म्हणाले, मिलिमीटरचासुद्धा फरक पडणार नाही. आमच्या अज्जांचं, म्हणजे आजोबांचं, देवणीला कापडाचं दुकान — ते म्हणाले, "साहेब, पुढं पोरीचं अंग भरलं तर? थोडी माया ठिवा की शिलाईत!" डॉक्टरांनी चष्माच काढून ठेवला.

पण घोटाळा स्कॅनच्या दिवशीच झालाय. अज्जा सिद्धेश्वराचा प्रसाद घेऊन आले, खोबरं. तेवढ्यात अक्काचा नंबर लागला. आता प्रसाद थुंकायचा कसा? आणि मशीनवाली बाई ओरडली, "दात मिटा, हलू नका!" — मग चावायचं तरी कसं? अक्कानं ते दाढेत धरलं आणि पडून राहिली. म्हणजे माप अक्काचं नाहीच, काका — अक्का अधिक खोबरं, असं माप झालं! हसू नका हो, टाके तुटतील.

अक्का म्हणते, गप्प बस, तारीख पुढं गेली की अज्जा पुन्हा "म्हादेवानं दिलंय ते लई चांगलं हाय" म्हणून घरी नेतील. दोन वर्षं लागली त्यांना हो म्हणायला. आणि तिचा तरी काय दोष? ती नकोच म्हणत होती — मीच कोंबलं तिच्या तोंडात, म्हटलं देवाला नको म्हणतेस? — हे नव्हतं सांगायचं मला.

पाटी कशाला घेतली? पाणी आणू? — "डॉक्टर"? नको, काका! पुसा ते! अक्का मला जिवंत — थांबा. "डाव्या" नाही, उजव्या दाढेत होतं. आणि जाडी सात मिलिमीटर लिहा. हाव, सात. त्याच वाटीचा दुसरा तुकडा मी कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजलाय. नीट लिहा, अक्काचं तोंड आहे ते. ते बघा डॉक्टर, जिन्याकडं चाललेत, उठा लवकर — आले, अज्जा! नाही, कुणाशीच बोलत नव्हते! — काका, जा, पण खाली "बहिणीनं कोंबलं" लिहिलंय, तेवढं फक्त पुस—