रेघेतला खड्डा

मी चंदगडकडचा. जिल्हा कोल्हापूर म्हणायचा, पण आम्हाला कोल्हापूर लांब आणि गोवा जवळ, घाट उतरला की आलाच. सातवीत शाळा सुटली. मास्तर घरी आले होते बोलवायला, पण माझं मन लागत नव्हतं ते नव्हतंच, आणि बरोबरीची पोरं सगळी गोव्यात, मग मीही आलो. आधी म्हापशात सिमेंट कालवलं, मग डिचोलीकडं मुळगावात एका घराचं काम होतं तिथं, आणि मग कुणीतरी म्हणालं की मांद्र्याच्या पुढं शापोरा नदीच्या काठाला फायबरच्या बोटी बनवतात, तिथं माणूस पाहिजे. मी पाणी बघितलेलं ते आमच्या ओढ्यातलं. पहिल्यांदा बोटीत बसलो तर सकाळी खाल्लेला पाव तसाच बाहेर आला.

पण काय सांगू तुम्हाला, त्या दत्ताबाबांनी मला ठेवून घेतलं. दत्ताबाब म्हणजे शेडचे मालक, पेडण्याचेच, आम्ही त्यांना पात्रांव म्हणायचो. राहायला शेडमागची खोली दिली, लग्न झालं तर तीच खोली पत्रे वाढवून मोठी करून दिली, पोरीला शाळेत घेतलं तेही त्यांच्या शब्दावर. फायबर घासण्यापासून सुरुवात केली, मग इंजिन खोलायला शिकलो, मग बोट हाकायला. नवी बोट पाण्यात सोडली की पहिली फेरी माझीच. माणसं म्हणायची, ह्या घाट्याचो हात न्हंय वळखता, म्हणजे घाटावरच्या ह्या माणसाचा हात नदी ओळखतो. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर पात्रांवांचा मुलगा रोहन पणजीकडं शिकून आला आणि त्यानं ड्रॅग बोटींच्या शर्यतीचं खूळ घेतलं. ड्रॅग म्हणजे दोन बोटी शेजारी लावायच्या, इशारा झाला की सरळ सोडायच्या, वळायचं नाही काही नाही, पुढं जो आधी पोचला तो जिंकला. त्यासाठी लांबट हलकी बोट केली, मागं दांडगं इंजिन, आणि इंजिनाला पाण्यात फिरणारा कुठला पंखा लावला की जास्त पळते ते बघायचं म्हणून पुढच्या काचेजवळ एक काळा डबा बसवला. जीपीएसचा. म्हणे वरच्या उपग्रहांना विचारून तो क्षणाक्षणाला लिहून ठेवतो, बोट कुठं आहे आणि किती वेगात आहे. आत एवढंसं कार्ड, ते काढून लॅपटॉपात घातलं की पडद्यावर रेघ येते, वेग वाढला की रेघ वर, कमी झाला की खाली.

मला तो डबा पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मुळगावला माझा मेहुणा खाणीच्या ट्रकवर होता, त्याच्या ट्रकात असाच डबा बसवला आणि मग कुठं थांबलास, का थांबलास, चहाला एवढा वेळ कसा, असं सुरू झालं आणि शेवटी त्याला काढलाच. मी बायकोला म्हणलं, पंखा बिंखा काही नाही, हे माझ्यावर नजर ठेवायला आहे. ती म्हणाली, तुम्ही काय चोर आहात काय घाबरायला. मी म्हणलं, चोर नसला तरी डबा काय सांगेल कुणाला ठाऊक.

आणि तसंच झालं बघा. रोहनबाबानं नदीत सुरुवातीला आणि शेवटाला खुणेचे बांबू रोवले, पंखे बदलले, मी त्या बांबूंमधून बोट पळवली, रेघ बघितली, तर प्रत्येक रेघेला मधेच खड्डा. चढत चढत जायची आणि एका ठिकाणी पडायची, परत चढायची. पंखा बदलला तरी खड्डा तिथंच. इंजिन उतरवून तपासलं, पेट्रोल बदललं, डबासुद्धा दुसरा आणला. खड्डा तिथंच. मग त्यानं मला बोलावून सगळ्या रेघा एकावर एक ठेवून दाखवल्या आणि म्हणाला, मशीन सगळं बदललं, आता बदलायचा राहिला तो फक्त माणूस.

त्यात झालं होतं असं की आदल्या शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारातून येताना दुसऱ्या एका बोटवाल्यानं मला स्वतःच्या गाडीतून सोडलं होतं, त्याचीही बोट शर्यतीत उतरणार होती. मी आपला बस चुकली म्हणून बसलो. ते कुणीतरी बघितलं आणि इथं येऊन सांगितलं. रोहनबाब म्हणाला, मारुती, त्यानं तुला काय कबूल केलंय ते सांग. मी देवाची शपथ घेतली, पण शपथ काही रेघेवर उमटत नाही ना. आणि मीही वाईट झालो त्या दिवसांत. फायबरवाला संतोष माझ्याकडं बघून हसला तरी वाटायचं ह्यानंच इंजिनात काहीतरी केलंय, ह्यालाच माझी खोली पाहिजे असणार. त्याच्याबरोबर जेवायला बसायचं मी सोडलं.

मग पात्रांव आले आणि म्हणाले, फाल्यां बोट हांव चलयतां, तू काठार बस. उद्या बोट मी चालवतो, तू काठावर बस. मला वाटलं संपलं. बायकोनं पोरीचे कपडे घड्या घालून ट्रंकेत भरले.

सकाळी मी काठावर बसलो. बोट सुटली, इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला आणि मधेच पडला. मग परत चढला. मी उठून उभाच राहिलो. कुठं पडला म्हणाल, तर बरोबर राखणदाराच्या धोंड्यासमोर.

हे सांगायचं राहिलं. नदीच्या कडेला खारफुटीत एक धोंडा आहे, लाल कापड बांधलेला, तो गावचा राखणदार. त्याच्यासमोरून जाताना इथले सगळे बोटवाले इंजिन हळू करतात आणि हात कपाळाला लावतात, देवाच्या पायाला आपल्या बोटीची लाट लागू नये म्हणून. मला बोट शिकवली ती सगुणमामा म्हणून म्हाताऱ्या तांडेलानं, त्यानं असंच शिकवलं, विसरलो तर टपली मारायचा. इतकी वर्षं हात आपोआप मागं येतो. मी जोरात सोडली म्हणून शपथेवर सांगत होतो ना, ते माझ्या मनाला खरंच होतं. हातानं काय केलं ते मला माहीतच नाही.

रोहनबाबानं कार्ड घातलं. पात्रांवांच्या रेघेला खड्डा माझ्यापेक्षा खोल, ते भक्तच मोठे. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मुलाकडं बघितलं आणि म्हणाले, "आता सांग रे, माझो हात कोणी विकत घेतलो?"

दुसऱ्या दिवशी रोहनबाबानं खुणेचे बांबू उपटले आणि धोंड्याच्या पुष्कळ वर, नदीच्या वरच्या अंगाला नेऊन रोवले. तिथं बोट सोडली तर रेघ सरळ चढली. संतोषकडं मीच गेलो, पाव आणि भाजी घेऊन, त्याला कळलंही नाही कशाबद्दल.

आता वर्षं झाली. पोर शिकली. पात्रांव थकले, रोहनबाबच बघतो सगळं. माफी बिफी त्यानं मागितली नाही आणि मागावी असं मला वाटतही नाही, त्यांच्या घरचं अन्न खातोय. पण कार्ड निघालं की तो आधी मला हाक मारतो, मारुती ये, बस, म्हणतो, मगच पडदा उघडतो. देवानं त्या घराला काही कमी पडू देऊ नये. मी जातो, बसतो. पण रेघ शेवटापर्यंत जाईस्तोवर, खरं सांगतो, अजून खुर्चीच्या कडेवरच बसतो.