विषमानंतर विषम

क्षिप्रा : नाही भाऊ, गॅलरीत नंतर जा. आधी तारीख सांगा.

भाऊ : रविवारी सकाळी कोपरीहून डोंबिवलीला आलीस, ती बापाची तोंडी परीक्षा घ्यायला? चहा तरी घे.

क्षिप्रा : ठरलंय आपलं. दसऱ्याला तुम्ही गाडी घेऊन मोहन्याला जाताना रस्ता चुकलात आणि संध्याकाळपर्यंत सापडला नाहीत, तेव्हाच ठरलंय. मोबाइल न बघता तारीख बरोबर सांगाल, तोवर गाडीची किल्ली तुमच्याकडे. आणि गाडी फक्त रस्त्याच्या या बाजूची त्या बाजूला लावायची.

भाऊ : तेवढीच लावतो. एकदा तरी टोइंगवाल्यांनी उचलली का?

क्षिप्रा : तारीख, भाऊ.

भाऊ : वाहतूक पोलीस परवडला. एकतीस.

क्षिप्रा : काल फोनवर किती सांगितलीत?

भाऊ : काल? तीस सांगितली असणार.

क्षिप्रा : एकतीस सांगितलीत. आणि ती बरोबर होती. आज एक नोव्हेंबर आहे.

भाऊ : शक्य नाही. ये इकडे, खाली बघ. सगळ्या गाड्या डेअरीच्या बाजूला आहेत. काल होत्या तिथेच. रस्ता हललेला नाही.

क्षिप्रा : तारखेचा आणि रस्त्याचा काय संबंध?

भाऊ : खांबावरचा बोर्ड वाच. पी-वन. विषम तारखेला गाड्या डेअरीकडे. समोरचा पी-टू, सम तारखेला दवाखान्याकडे. तारीख बदलली की बाजू बदलते. बाजू बदलली नाही, म्हणजे तारीखही बदलली नाही. शिकलेली आहेस ना?

क्षिप्रा : भाऊ, एकतीस विषम. आणि एकही विषमच.

(भाऊ कठड्याला धरून खाली वाकून बघतात.)

भाऊ : हो की. लागोपाठ दोन विषम.

क्षिप्रा : म्हणजे रोज फोनवर ‘थांब, दूध उतू जातंय’ म्हणायचात, ते...

भाऊ : इथे यायचो. मोबाइल बघायचा नाही असं ठरलं होतं. रस्ता बघायचा नाही, असं कुठे ठरलं होतं?

क्षिप्रा : पण रस्ता सम की विषम एवढंच सांगतो. आकडा कुठून आणायचात?

भाऊ : रात्री आकडा पुटपुटत झोपायचं. सकाळी बाजू बदललेली दिसली की त्यात एक मिळवायचा.

क्षिप्रा : आणि भिंतीवरचं कॅलेंडर?

भाऊ : ते सगळे आकडे एकदम दाखवतं गं. त्यातला आजचा कुठला, ते नाही सांगत.

क्षिप्रा : दोनच खुणा. त्यांच्यावर तुम्ही दसऱ्यापासून आजवर आलात. मला नसतं सुचलं हे.

भाऊ : मी कसला? हे खालचे लोक करतात. तू कधी बघितलंयस? पहिली विनीतची पांढरी गाडी निघते. कोपऱ्यावरच्या पिवळ्या रेघेपाशी कोणी उभंसुद्धा राहायचं नाही, म्हणून तो तिथून सावकाश वळतो आणि समोर लागतो. मागून हेमाताईंची स्कूटर, गचके खात. मग रिक्षा. पांढऱ्या रेघांच्या चौकटी एकेक करून भरतात. कोणी शिट्टी मारत नाही, कोणी कोणाला सांगत नाही. निम्म्यांना तर एकमेकांची नावंही माहीत नाहीत. अख्खा रस्ता झोपेत कूस बदलल्यासारखा सरकतो आणि पुन्हा शांत. रोज बघतो मी. तरी अंगावर काटा येतो.

क्षिप्रा : आणि आज एकही हलली नाही. सकाळी उठून प्रत्येकाने आपापल्या घरात ठरवलं, आज हलायचं नाही. किती जण असतील हे!

भाऊ : सगळ्यांच्या लक्षात होतं. मी सोडून.

क्षिप्रा : तुमचीही गाडी बरोबर बाजूला आहे, भाऊ.

भाऊ : गाडी बरोबर, तारीख चूक. आणि ठरलं होतं ते तारखेचं. ही घे किल्ली.

क्षिप्रा : मी अजून मागितली नाहीये.

भाऊ : मागताना तुला रडू येईल. त्यापेक्षा आत्ताच घे. विकायची मात्र नाही.

क्षिप्रा : नाही विकत. विनीतला सांगते. स्वतःची लावून झाली की तुमचीही लावेल.

भाऊ : म्हणजे सगळ्यांबरोबर तीही जाईल.

क्षिप्रा : जाईल. आणि मी उद्या रजा घेतेय. आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ.

भाऊ : जाऊ. पण उद्या तरी बदलेल ना गं रस्ता?

क्षिप्रा : बदलेल. उद्या—

भाऊ : आकडा सांगू नकोस. मला बघू दे.