डोंगरावरच्या डब्यातली वही

१९३४ साली मोलगीच्या बाजारात, मिठाच्या रांगेत माझ्यापुढे जंगलशिपाई सुकलाल, रूपीबाई आणि तिची जाऊ हिरीबाई उभे होते.

"रूपीबाई, डोंगरवरना डबामा जी वही शे, तिन्हामा तुम्ही अंगठा कसाले लावात?"

"जंगलमा गाय चाराले बंदी शे ना दादा, ती उठाडाले. आख्खा पाडा डोंगर चढना. चाळीस अंगठा शेतस."

"अवं, तो अर्ज नही शे! सायबलोकस्ना खेळ शे. एक सायब झाडीमा डबा लपाडस, दुसरा धुंडी काढस, वहीमा शिक्का मारस. बस!"

"आन मंग?"

"मंग काय? घर जास!"

"खेळ शे, तर तुम्ही दर आठवडाले ती वही पाहाले कसाले चढतस?"

"सायबना हुकूम शे म्हनीसन!"

"मंग हुकूमनी वही शे. मी पाडावर तेच सांगं."

"आते हिले कसं समजाडू? बाई, तुम्हना अंगठास्मुळे शिक्का माराले जागाच नही ऱ्हायनी! सायब मन्हावर भडकना आन वही लई गया."

"लई गया?"

"हा, लई गया! बंगलावर लई गया!"

रूपीबाई जावेकडे वळली.

"हिरीबाई, समदास्ले सांगी दे. सायब आपला अर्ज लई गया."