तांदळाला लागलेला वास

(पुराने गावाचा मार्ग खंडित झालेला. गावकऱ्यांनी आसरा घेतलेल्या टेकडीवरील शाळेच्या व्हरांड्यात ग्राम आपत्ती समितीचे सचिव खुशाल आणि किराणा दुकानदार बशीर. आतील खोलीत खुशालची काकू बायनाबाई पडून आहे.)

बशीर : कितीकदा धुतला, खुशालभाऊ. वास जात नाई. तांदळाच्या ड्रमात सुकट कोनं टाकली?

खुशाल : मीच. उंदरांचा उपद्रव विचारात घेता झाकणाचा तो एकच ड्रम सुरक्षित वाटला. म्हणून उभय वस्तू त्यातच ठेवल्या.

बशीर : उभय! बाकीचे तं खुशीनं जेवले. बायनाबाईचं काय?

खुशाल : महानुभाव पंथाचा उपदेश घेतल्यापासून काकूंनी मासोळीला स्पर्श केलेला नाही. मात्र फेफऱ्याच्या झटक्याची गोळी उपाशीपोटी दिल्यास उलटून पडते. गोळी चुकली, तर झटका अटळ. आणि पाणी ओसरल्याविना बोट येणे नाही.

बशीर : मंग?

खुशाल : एक उपाय सुचतो. भातात हळद-मिरची भरपूर घालू. सांगू, हा तांदूळ बशीरभाऊंच्या दुकानातला.

बशीर : माह्या नावानं? नाई भाऊ. मले असंच कोनी खोटं सांगून चारलं तं?

खुशाल : प्राणापेक्षा नियम श्रेष्ठ आहे काय?

बशीर : ते बाई ठरवन. तू नाई, मी नाई.

खुशाल : नियोजन माझे होते, बशीरभाऊ. काकूंना काही झाले, तर मी... मी कुठी तोंड दाखवू?

बशीर : थांब. माह्या पिशवीत मुरमुरे आन गूळ हाय.

खुशाल : मग हे आधी का नाही सांगितलेत?

बशीर : लाज वाटली. मागच्या पुरात मदतीच्या जेवनाच्या पाकिटात मटन आलं. कोनं कापलं, कसं कापलं, ठाव नाई. उपास हाय म्हनून सांगलं. तवापासून पिशवी भरून ठेवतो. तुह्या नियोजनावर भरोसा नाई, असं दिसलं असतं.

खुशाल : नव्हताच ना?

बशीर : नाई.

बायनाबाई : (आतून) खुशाल, मले कान हायेत. सारं आयकून राह्यली.

खुशाल : काकू, मी आपला अपराधी आहे.

बायनाबाई : ते मंग. आंदी मुरमुरे आन. बशीर, तू का खाशीन?

बशीर : सुकटीचा भात, बाई. मासोळीत आमची कापाकापीची भानगड नाई.

बायनाबाई : मंग खाय पोटभर. त्या पुरातही तुहा उपास खोटा होता. रमजान नव्हता, मले ठाव होतं.

बशीर : तवा काऊन नाई बोलल्या?

बायनाबाई : मी बी उपास हाय म्हनूनच सांगलं होतं.