आईच्या हाकेला एलोफनं ओ दिली

ऐका. शेंगा फोडता फोडता ऐका, पण हात थांबवायचे नाहीत, बियाणं उद्या लागणार आहे. ही गोष्ट आपल्या शिवारातली नाही बरं का. साता समुद्रांपलीकडची! दवाखान्यात गोऱ्या नर्सबाई होत्या ना, कारीनबाई, ज्यांच्याकडं मी वीस वर्षं स्वयंपाक केला, त्यांच्या बापाची. त्यांनीच सांगितली मला, चुलीपुढं बसून.

बापाचं नाव एलोफ. मूळचा स्वीडनचा. तिकडं खायची मारामार, म्हणून बायकोला घेऊन आगबोटीत बसला आणि अमेरिकेत उतरला. बायकोचं नाव मार्ता. सरकारनं जमीन दिली. फुकट! अट एकच, पाच वर्षं तिथंच राहायचं, कसायची, मग ती नावावर. आता जमीन कसली? नुसता माळ. छातीएवढं गवत, पार आभाळ टेकतं तिथवर. झाड नाही, दगड नाही. मग घर बांधायचं कशाचं? गवतासकट मातीचे थर कापले, विटांसारखे रचले, आत राहिले. एलोफ जंगलातला गडी हो! दाट झाडीत वाढलेला. त्या उघड्या माळावर त्याचा जीव रमेना. रोज संध्याकाळी दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "मार्ता, इथं वाऱ्याला अडवायलासुद्धा कुणी नाही गं."

एकदा काय झालं, ऐन थंडीत तो पोस्टात गेला. तीन कोस चालत. घरी मार्ता आणि दोन महिन्यांची लेक, म्हणजे आमच्या बाईच. पत्र आलं होतं, गावाकडच्या पाद्र्याचं. आई गेली. पितृपक्षाच्या सुमाराला गेली आणि कळलं केव्हा, तर मार्गशीर्षात! तोवर हा बिचारा मनातल्या मनात तिच्याशी बोलतच होता. आज नांगरलं गं आई, आज लेक झाली गं आई. त्याच्या काळजाचं पाणी झालं.

पोस्टातला म्हणाला, "बर्फ पडणार, रात्र इथंच काढ."

"घरी बायको एकटी आहे," म्हणून हा निघाला. तिकडं थंडीत अंधार लवकर पडतो. सडकेनं लांब पडतं, म्हणून त्यानं गवतातली जवळची वाट धरली, नाल्यावरनं जाणारी. ती वाट वाईट, सगळे सांगायचे. पण दुःखात कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

चालतोय. चालतोय. बर्फ सुरू झालं. मी काही ते बघितलं नाही बाई, पण पिंजलेल्या कापसासारखं पडतं म्हणे. आणि लांबून हाक आली.

त्यांच्या गावाला बायका जंगलात गेलेल्या गुरांना, त्यांच्यामागं गेलेल्या पोरांना हाक मारतात. उंच, लांब, गाण्यासारखी. प्रत्येकीची वेगळी. आणि ही हाक एलोफच्या आईची होती! आपल्याकडं अंधारात पहिल्या हाकेला ओ देतं का कुणी? नाही ना? तिकडं उलटी रीत. ऐकू आली की ओ द्यायचीच, म्हणजे हाक मारणारीला कळतं, आपलं माणूस कुठं आहे. लहानपणापासूनची सवय ती. आई गेलीय हे खिशातलं पत्र सांगतंय, तरी याच्या तोंडून निघून गेलं, "ओ!"

झालं! सापडला की! चकव्याला हेच हवं असतं.

आता गुरांच्या घंटा वाजायला लागल्या. मग ओल्या झाडांचा वास आला, त्याच्या गावच्या झाडांचा. मग झाडंच! ज्या माळावर काठीएवढं झुडूप नाही तिथं दोन्ही अंगाला झाडी. अंगाला ऊब वाटायला लागली. इतकी, की यानं कोट काढून टाकला. त्या थंडीत! आणि समोर घर. लाल लाकडी घर, उजेड, दारात आई. पदराला हात पुसतेय. म्हणजे त्यांचा पदर नसतो, तो फडका असतो कमरेला, तुम्ही समजून घ्या.

"ये," आई म्हणाली.

एलोफ रडायलाच लागला. "आई, किती दिवस झाले गं!"

"ये."

"आई, मला मुलगी झाली. तुझंच नाव ठेवलंय, कारीन."

"ये."

एलोफचा पाय अडला. अगं, कुठली आजी असं करेल? नात झाली ऐकून नुसतं ये म्हणेल? एकटाच कसा आलास, पोरीला कुठं ठेवलीस, कुणावर गेलीय, काही विचारणार नाही?

त्यानं मान वळवली. बस्स, तेवढंच केलं. आणि मागनं दुसरा आवाज आला. चिरका, बसलेला, शिव्या देणारा. "एलोफ! अरे मेल्या, कुठं तडफडलास!" मार्ता! गोठ्याचा दोर कमरेला बांधून, दुसरं टोक दाराला अडकवून ती बर्फात उतरली होती. दोर संपला तिथं उभी राहून घसा फाडत होती. एलोफ त्या आवाजाकडं धावला. पडला, उठला, धावला. पाठीमागं आई हाका मारतच होती. त्यानं कानांवर हात ठेवले आणि रडत रडत मार्ताचा दोर पकडला.

सकाळी कोट सापडला. घरापासून हाकेच्या अंतरावर, नाल्याच्या काठावर. पुढं पातळ बर्फ, खाली काळं पाणी. दोन पावलं, फक्त दोन!

पाच वर्षं भरली, जमीन नावावर झाली. एलोफ तिथंच म्हातारा झाला, पण त्या वाटेनं पुन्हा गेला नाही. कोसभर वळसा घालायचा. लोक हसायचे. मार्तानं एकदा विचारलं, "अजून भितोस होय रे?"

तो म्हणाला, "त्या दिवशी तिनं पोरीचं विचारलं नाही, म्हणून मी परत आलो. पुढच्या खेपेला विचारलं, तर मी जाईन गं."

तर, आपल्या नाल्यावरची वाट तुम्हाला ठाऊक आहे. दिवस मावळला की तिकडनं जायचं नाही, कुणीच नाही. आणि चंद्रकले, तू या घरात नवी आहेस. संध्याकाळी माहेरच्या दिशेला बघत बसतेस, मला दिसतं. धाडीन हो तुला माहेरी. दिवसाउजेडी, सडकेनं, सोबत देऊन. पण अंधारात तिकडनं कुणी तुझं नाव घेतलं, अगदी तुझ्या आईच्या आवाजात घेतलं, तरी ओ द्यायची नाही. रड हवं तर, माझ्यापाशी येऊन रड. पण ओ द्यायची नाही.