मुकादमाचा एकच शब्द

तिथे नको. कडेला उभा राहू नकोस म्हणतोय ना — ती दादाची जागा, माझ्या भावाची. माहीत आहे मला, मुकादमानेच पाठवलंय तुला, त्याच्या जागी. म्हणूनच सांगतोय, इकडे सरक. आणि मुकादम 'या' म्हणाला की पुढे धावू नकोस, तुला कोणी मानाने बोलवत नाहीये — स्पॅनिश आहे तो, त्यांचा शब्द आहे. तुझ्याआधीचे दोघे असेच धावले. हसतोस काय? ही दगडाची लादी साखळीवरून पायावर पडली की हस.

अर्थ काय म्हणजे? शिकलेला दिसतोस. मीही दादाला विचारलं होतं. दादा म्हणाला, लादी वर लटकत असली की 'या' म्हणजे आता, साखळीला ढील दे. टेकली की 'या' म्हणजे झालं. जेवून गप्पा मारत बसलो की 'या, या' म्हणजे पुरे, उठा. आणि तू उशिराची कारणं सांगायला लागलास की 'याऽऽ' — म्हणजे कळलं, मार थापा. मग ओळखायचं कसं? तर म्हणे, आत्तापर्यंत काय चाललं होतं आणि आता काय बदललं ते बघायचं. ते माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा म्हणाला, जाऊ दे, तू माझ्या हाताकडे बघ. तेच करायचो. मी साखळीवर, तो कडेला. त्याने तळवा खाली केला की मी ढील द्यायचो. मुकादम बोंबलेना का तिकडे.

बरा होता रे दादा. जेवला, वहिनीशी भांडला, झोपला — सकाळी उठलाच नाही. इथे काही झालं नाही त्याला, उगाच लादीकडे बघू नकोस. इथे झालं असतं तर बरं, कोणाची तरी गचांडी धरली असती.

मी परत कामावर आलो तर कडेला कोणीच नाही. मुकादम म्हणाला 'या'. मी ढील दिली नाही. परत म्हणाला. नाही दिली. लादी अधांतरी, आणि मी खाली बघतोय, हात कुठे आहे. मग तो स्वतः आला, साखळी अडकवली, माझी बोटं एकेक करून सोडवली, आणि म्हणत राहिला, या... या... हळू, लहान मुलाशी बोलावं तसं. ढकलून दिलं मी त्याला. काय म्हणत होता कोण जाणे — कोण जाणे काय, कळलं मला. झालं, नाहीये दादा आता, असंच म्हणत होता. तुला कोणी विचारलं? मान कशाला हलवतोस?

आज सकाळी बजावलंय मुकादमाने. दोघांना पळवलंस, आता हा पळाला तर तूही घरी बस. घरी बसून काय करू? आई आणि वहिनी दोघी माझ्याच तोंडाकडे बघतायत.

चल, धर ही साखळी. हो, माझीच. कडेला मी उभा राहतो. मुकादमाकडे बघायचं नाही, शब्दाकडे लक्ष द्यायचं नाही, माझ्या हाताकडे बघायचं. आणि आता तोंड बंद. लादी आली.